मारुतीसमोरचा फुगवटा

बुधवारी संध्याकाळी आमच्या व्यायामशाळेच्या जमिनीला टेंगूळ आलं. टेंगूळ माणसाला येतं, जमिनीला नाही, हे मलाही माहीत आहे. पण मी स्वतः त्यावर बोट दाबून पाहिलं. मारुतीच्या कोनाड्यासमोर, बरोबर माझ्या कमळाच्या एका पाकळीवर, तळहाताएवढा भाग वर आला होता आणि बाकीच्या जमिनीपेक्षा मऊ लागत होता.

ही जमीन साधीसुधी नाही. दोडामार्ग तालुक्यातल्या आमच्या गावाभोवती रबराच्या बागा आहेत. गेल्या वर्षी, म्हणजे २०६१ साली, गावाने आपल्याच झाडांच्या चिकापासून रबरी फरशी बनवली आणि मल्लखांबाच्या दालनात घातली. तिच्यावरचं आठ पाकळ्यांचं लाल कमळ मी काढलेलं आहे. मी म्हणजे शमिका गवस, इयत्ता सहावी. रंग वरून फासलेला नाही, रबरातच कालवलेला आहे, त्यामुळे फरशी कितीही झिजली तरी खालून कमळच निघणार. एवढी फुशारकी मारायचा मला हक्क आहे.

त्याआधी इथे काळी दगडी लादी होती. तिच्यावर मल्लखांबावरून उडी घेताना माझा घोटा मोडला आणि आईने घरात नियमच करून टाकला. माझी धाकटी बहीण किमया सहा वर्षांची आहे आणि दिवसभर दाराच्या चौकटीला लटकलेली असते. पण ती मल्लखांबाला हात लावणार, तो खाली रबरी फरशी असेल तरच. फरशी आल्यावरही आठ महिने विनवण्या केल्या, तेव्हा कुठे आई राजी झाली होती. येत्या सोमवारपासून किमयाचं नाव घातलं होतं, आणि बुधवारी हे टेंगूळ.

व्यायामशाळेचे अध्यक्ष परबकाका चष्मा लावून फुगवट्याभोवती तीनदा फिरले. जमलेल्या मंडळींपैकी कुणी म्हणालं खाली उंदराने बीळ केलंय, कुणी म्हणालं पाइप फुटलाय. एक आजी तर म्हणाल्या, मारुतीला हे रबर काही पसंत पडलेलं दिसत नाही.

"रविवारपर्यंत कारण गावला तर बरा," परबकाका म्हणाले. "नायतर लादी परत घालूची लागतली. पोरांच्या पायाखाली काय फुगता, ता माका कळाक नको?"

मी तडक आजोबांकडे पळाले. माझे आजोबा रबराचे शास्त्रज्ञ आहेत. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढून ते गावी परतले आणि फरशीची कृती त्यांचीच. ते आमच्या ठोक्याला घेऊन आले. ठोक्या म्हणजे व्यायामशाळेचा यंत्रमानव. उंची माझ्या कमरेएवढी, तीन चाकं आणि हातात एक लोखंडी गोळा. रोज सकाळी तो फरशी झाडतो, मग खांबाभोवती चाळीस ठिकाणी गोळा टाकून तो किती उसळतो ते मोजतो.

"पाकळी क्रमांक तीन, उसळी चौदा सेंटीमीटर," ठोक्या म्हणाला. "इतरत्र बावीस. पाकळी आजारी आहे."

आजोबा फुगवट्याजवळ मांडी घालून बसले आणि मला विचारलं, रबर दाबलं की परत का येतं? मी म्हटलं, कारण ते रबर आहे. ते हसले. असं उत्तर दिलं की शास्त्रज्ञाची नोकरी जाते, म्हणाले.

मग त्यांनी नीट समजावलं. रबर हे बहुवारिक आहे (एकच छोटा रेणू हजारो वेळा एकाला एक जोडून झालेली लांबच लांब साखळी). या साखळ्या ताटातल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतून, सतत वळवळत असतात. रबर ताणलं की त्या सरळ होतात, सोडलं की पुन्हा गुंता करून बसतात. पण नुसत्या शेवया ओढल्या तर घसरून सुट्या होतील. म्हणून चिकाचं रबर गंधकाबरोबर तापवतात. गंधकाचे अणू एका साखळीपासून दुसरीपर्यंत लहान लहान पूल बांधतात. याला व्हल्कनीकरण म्हणतात (साखळ्यांना जागोजागी गाठी मारणं). आता साखळ्या ताणल्या जातात, पण एकमेकींना सोडून जात नाहीत.

"आणि त्याने पाय कसा वाचतो?" मी विचारलं.

"दगडावर पडलीस तर तुझा पाय एका झटक्यात थांबतो, म्हणून फटका जबर बसतो. रबर थोडं दबतं, थांबायला जास्त वेळ देतं. वेळ वाढला की फटका कमी." मग ते हळूच म्हणाले, "तुझ्या घोट्याला तेवढाच वेळ मिळाला नाही बघ."

मला एकदम रडू आलं. किमयाला तो वेळ मिळायलाच हवा होता.

फरशीवर काय काय सांडतं याची आम्ही यादी केली. घाम, पाणी, पावडर आणि तेल. तेलाशी येऊन आजोबा थांबले. तेल रबराला फुगवू शकतं, म्हणाले. पण मल्लखांबाला रोज एरंडेल चोळतात, ते आठ महिने खाली ठिबकतंय, आणि ठोक्याच्या नोंदीत खांबाखालची उसळी रोज बावीसच्या बावीस. तरीही खात्री हवी म्हणून आजोबांनी फरशीच्या उरलेल्या तुकड्यातून कागदासारख्या पातळ पट्ट्या कापल्या. एक वाटीभर पाण्यात टाकली, एक एरंडेलात. शुक्रवारी काढून मोजल्या, दोन्ही जशाच्या तशा. आजोबांनी यादीतून तेल खोडून टाकलं. उंदरांचा पत्ता नव्हता, पाइप कोरडा होता. यादी संपली.

शनिवारी सकाळी मी व्यायामशाळेत गेले. आमच्याकडे शनिवारी मारुतीला तेल घालतात. मुलं येता-जाता एकेक थेंब घालतात. माझा मात्र एक गुपचूप नेम होता. फरशी घातली त्या आठवड्यापासून दर शनिवारी मी मारुतीला अख्खी पळीभर तेल घालत आले होते, आईने किमयाला हो म्हणावं म्हणून. त्या दिवशी तर दोन पळ्या घातल्या. फरशी वाचव, असं डोळे मिटून सांगितलं. डोळे उघडले तेव्हा तेल मूर्तीवरून ओघळून, कोनाड्याच्या कडेवरून, खाली तिसऱ्या पाकळीवर टपटप पडत होतं. नेहमीसारखं मी ते फडक्याने पुसायला वाकले, आणि तशीच वाकलेली राहिले.

मारुतीला एरंडेल नसतं घालत. ते तिळाचं तेल होतं.

आम्ही सगळेच तेल म्हणजे तेल असं धरून चाललो होतो. आजोबासुद्धा. मी धावत घरी गेले, तिसरी पट्टी तिळाच्या तेलात टाकली आणि दिवसभर वाटीसमोरून हलले नाही. रविवारी सकाळी पट्टी काढली. दहा सेंटीमीटरची पट्टी सव्वाअकरा झाली होती, लिबलिबीत आणि जाड. आजोबा टुणकन उठले आणि मला उचलूनच घेतलं. त्यांचे गुडघे दुखतात हेसुद्धा ते विसरले.

"तिळाच्या तेलाचे रेणू रबराच्या साखळ्यांशी जुळणारे," ते म्हणाले. "ओळखीच्या घरी शिरावं तसे ते साखळ्यांच्या मधे शिरतात. गंधकाचे पूल आहेत म्हणून रबर विरघळत नाही, पण जागा करून देता देता फुगतं. एरंडेलाच्या रेणूंवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जास्तीच्या जोड्या असतात. त्या एकमेकांनाच धरून बसतात, रबरात शिरत नाहीत. चूक माझीच. तेलाचं नाव विचारल्याशिवाय मी त्याला सोडून दिलं."

कोडं सुटलं होतं आणि मी उड्या मारत होते. मग एकदम लक्षात आलं, हे आता परबकाकांना सांगायचंय. म्हणजे फरशी कुणी बिघडवली तेही सांगायचंय. पण न सांगून लादी आली असती, आणि किमया चौकटीलाच लटकत राहिली असती.

दालनात सगळी मंडळी जमली होती. मी फुगलेली पट्टी समोर ठेवली, सगळं समजावलं, आणि शेवटी म्हटलं, "तेल मीच घालत होते. दर शनिवारी पळीभर. कुणाला सांगितलं नव्हतं."

परबकाकांनी पट्टी उचलून चष्म्याजवळ धरली. मला वाटलं, आता ओरडतात.

"मी पण घालतंय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "रोज पहाटे, दार उघडलंय की. तुझो पाय मोडलो तेव्हापासून. परत कोण पोर पडाक नको म्हणून."

मला काय वाटलं ते सांगते. माझा घोटा मोडला त्याचं दुःख फक्त आमच्या घरात होतं, असं मी इतके दिवस समजत होते. मग मागून त्या आजीही म्हणाल्या, एक वाटी मंगळवारी माझीपण असते. आणि सगळं दालन हसायला लागलं.

लादीचा विषय तिथेच संपला. आजोबांनी तिसरी पाकळी कापून काढली आणि आम्ही मुलांनी तिच्या जागी नवी बनवली. रबर आमच्याच झाडांचं, पण आजोबांनी त्याच्या साखळ्यांवर जागोजागी ऑक्सिजनचे अणू बसवले. आता तिळाच्या तेलाला त्या साखळ्या ओळखीच्या वाटत नाहीत, म्हणून ते बाहेरच राहतं. नव्या पाकळीचा लाल रंग थोडा काळसर आला. मला तो जास्त आवडतो. तालुक्याच्या दवाखान्यातून आता विचारणा झाली आहे, म्हाताऱ्या माणसांच्या खोल्यांत अशी फरशी घालता येईल का. तिथे औषधं सांडतात, मलमं सांडतात. आजोबांनी वाट्यांची रांग लावली आहे, आणि या वेळी प्रत्येक वाटीवर मी नाव लिहिलं आहे.

हे सगळं पुढच्या दिवसांत झालं; त्या रविवारनंतरचा सोमवार मात्र किमयाचा होता. आई भिंतीला टेकून उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून. किमया सरसर खांबावर चढली, अर्ध्यावर जाऊन आईकडे बघितलं आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने उडी टाकली. ती कमळाच्या मधोमध पडली, बसकण मारून, चांगली धप्पकन.

आई दोन पावलं पुढे आली. किमया उठली, हात झटकले, आणि आईच्या बाजूने पळत पुन्हा खांबावर चढली.