ओ नाववाले...

ही घटना जशी माझ्यापर्यंत आली तशीच सांगतो. पदरचं काही घातलेलं नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं, मी कुणाला पटवायला बसलेलो नाही.

ज्याच्यावर हे बेतलं तो रणधीर माझा सख्खा मावसभाऊ. हसल्याशिवाय दोन वाक्यं न बोलणारा माणूस. गेल्या आठवड्यात त्यानं मला हे सगळं सांगितलं, आणि तासाभरात एकदाही हसला नाही.

जानेवारीतला दुसरा रविवार. संध्याकाळचे पाच वाजलेले.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. लख्ख ऊन होतं.

जागा धाराशिवजवळच्या बेंबळी गावाच्या पुढं एक तलाव आहे, तिथली. तलावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथं आजही लोक मासे धरतात.

रणधीरचं धाराशिवात विहिरीच्या जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे वायंडिंगचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दोन वर्षांपूर्वी त्यानं भीमेच्या काठावरून एक जुनी फायबरची नाव आणली. इंजिन बंद होतं, ते स्वतः खोलून चालू केलं. आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची बोंब, आणि ह्या पठ्ठ्यानं नाव घेतली! सगळी गल्ली हसली. पण त्याला नाद लागला. रविवार आला की नाव पिकअपमध्ये टाकायची आणि तलाव गाठायचा. बायको राजेश्वरी, नऊ वर्षांची अर्पिता आणि मेहुणा रामलिंग, एवढी फौज.

फजित्या तर विचारू नका. पहिल्याच रविवारी तळाचं बूच लावायचं राहिलं आणि वीस फुटांवर रामलिंगच्या बुटांत पाणी शिरलं. एकदा पंख्यात कुणाचं जाळं गुंतलं, तर त्या माणसाच्या शिव्या ऐकत दोन तास सोडवत बसले. एकदा गाळात रुतले, तेव्हा म्हशी लावून नाव ओढावी लागली. सगळं हसण्यावारी गेलं.

त्या रविवारी राजेश्वरीनं काठावर तीन दगड मांडून पिठलं टाकलं होतं. अर्पिता शिंपले वेचत होती.

"एक चक्कर मारून येतो," रणधीर म्हणाला.

"जॅकेट घाला. आणि लवकर या, गार पिठलं कुणी खात न्हाय."

रणधीर आणि रामलिंग दोघंच निघाले. तलावाच्या मध्यावर आले असतील...

"ओ नाववाले..."

रणधीरनं इंजिन बंद केलं.

"आला का रे आवाज?"

"आला की दाजी. बाई हाय कुणीतरी."

पलीकडच्या काठाला वेड्या बाभळीची गर्दी आहे. ऊन डोळ्यांवर येत होतं, नीट दिसेना.

"आमाला अलीकडं सोडा की..."

आवाज थकलेला होता. तिकडून रस्त्यानं यायचं तर सात-आठ किलोमीटरचा वळसा. रणधीरनं हात वर केला आणि मोठ्यानं सांगितलं, "आलो, आलो! थांबा तिथंच!"

तिथंच चुकलं, असं तो आता म्हणतो.

काठाला नाव लागली.

कुणीच नव्हतं.

काठावर ओला, गुळगुळीत चिखल. त्यावर माणसाचं पाऊल नाही. शेळीचा खूर नाही. एरवी तिथं टिटव्या कान किटवतात... त्या दिवशी एक पाखरू ओरडत नव्हतं.

"ओ मावशी!" रामलिंगनं हाक मारली.

काही नाही.

"गेली असंल, दाजी."

"चिखलावर पाय न देता?"

दोघांनी नाव वळवली.

आणि नाव चालेना.

इंजिन ठणठणीत वाजत होतं, पण नाव अशी सरकत होती, जसं चार पोती धान्य भरलंय. रामलिंग नव्वद किलोचा गडी, तो पुढं बसलेला. तरी पुढचं टोक वर उचललेलं. मागचा काठ पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं.

रणधीरनं आधी बूच बघितलं. घट्ट होतं. तळ कोरडा ठाक.

"दाजी, मागं काय ठेवलंय?"

"काय न्हाय. मी एकटाच हाय."

रामलिंग त्याच्याकडं तोंड करून बसला होता. त्यानं रणधीरच्या शेजारच्या रिकाम्या फळीकडं बघितलं... आणि नजर काढून घेतली.

मग रणधीरला ते ऐकू आलं. इंजिनाच्या आवाजातूनही.

टप... टप...

ओल्या लुगड्यातून पाणी गळावं तसं. अगदी डाव्या बाजूला.

त्यानं फळीवर हात फिरवला. फळी कोरडी होती.

मध्यावर आले. आणि कानाशी, हळू आवाजात...

"इथंच उतरते."

नावेचं मागचं अंग एकदम वर आलं. नाव उसळून पुढं पळाली, रामलिंग फळीवरून खाली पडला.

पाण्यात काही पडल्याचा आवाज झाला नाही. मागं साधा तरंग उठला नाही.

रणधीरनं इंजिनाचा कान पिळला, जेवढं पळेल तेवढं पळवलं.

काठ जवळ आला आणि रणधीरला समोरचं दिसलं.

अर्पिता पाण्यात होती. छातीपर्यंत. ती त्यांच्याकडं येत नव्हती. डावीकडं चालली होती, जिकडं पाण्याशिवाय काहीच नव्हतं. चेहरा हसरा. मागून राजेश्वरी साडीसकट पाणी तुडवत, किंचाळत येत होती. पोरगी वळूनही बघत नव्हती.

रामलिंगनं उडी टाकली. पण आधी राजेश्वरीच पोचली. तिनं फ्रॉक धरून ओढलं तेव्हा पाणी अर्पिताच्या हनुवटीला लागलं होतं.

काठावर आणल्यावर रणधीर ओरडलाच, "पाण्यात का गेलीस गं?"

अर्पिता रडकुंडीला आली. "तुम्हीच बोलवलं की, पप्पा."

"मी?"

"तुम्ही म्हणलाव, अर्पू ये, पाणी कमी हाय. मी म्हणलं, आले. मग तुम्ही म्हणलाव, आणखी पुढं ये."

रणधीरनं बायकोकडं बघितलं.

राजेश्वरीनं पोरीला घट्ट धरलं होतं. "मी बी ऐकलं... तुमचाच आवाज. मला वाटलं तुम्ही अलीकडं आलाव, पोरीला खेळवायलाव. म्हणून मी वळून बघितलंच न्हाय. पिठलं हलवत बसले. मग इंजिनाचा आवाज तिकडून लांबून आला... तवा वळले."

रणधीरनं चुलीवर पाणी ओतलं आणि सगळे निघायला लागले.

नाव पिकअपमध्ये चढवायला तिघं पुरेनात. रस्त्यानं बिरू नावाचा एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन चालला होता, त्यानं हात लावला. रणधीरनं धापा टाकत त्याला सगळं सांगितलं.

म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, "तुमी ओ दिली का?"

"दिली, आबा."

"आन् पोरीनं?"

"तिनंबी."

बिरू अर्पिताकडं बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आमी हितं कुणाच्या हाकंला ओ देत न्हाय. मानूस म्होरं येऊन हुबा ऱ्हायला, की मगच बोलतो."

"का पण? काय हाय तिथं?"

"म्हाईत न्हाय. थोरल्यांनी सांगितलं, आमी पाळतो." आणि तो मेंढरांमागं निघून गेला.

ह्याला सहा महिने झाले. नाव दुकानामागं ताडपत्रीखाली पडून आहे. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. रणधीरनं विकली नाही. उद्या दुसऱ्याचं लेकरू तिच्यात बसलं तर, म्हणतो.

अर्पिता तशी बरी आहे. शाळेत जाते, खेळते. फक्त एक बदल झालाय.

ती आता बापाच्या हाकेला ओ देत नाही. हाक ऐकली की हातातलं टाकून येते. समोर उभी राहते. त्याच्या ओठांकडं बघते आणि म्हणते, "आता परत म्हणा."

तो परत म्हणतो, "अर्पू." ओठ हलताना दिसले की मग ती बोलते.

रणधीरला ह्याची सवय झाली होती. पण मागच्या सोमवारी तो दुकानात एकटाच मोटार भरत बसला होता. तोंडात स्क्रू धरलेले. जिन्यावरून अर्पिता धावत आली, केस अर्धे विंचरलेले.

"आता परत म्हणा, पप्पा."

रणधीरनं तोंडातले स्क्रू काढून हातात घेतले.

त्यानं हाक मारलेलीच नव्हती.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार?" तो म्हणाला. "पोरगी भिईल म्हणून तिच्याकडं बघून म्हणलं, अर्पू."