दुसरी बशी

मिरजेजवळच्या कर्करोग संशोधन केंद्रात एक लांबलचक भिंत आहे. केंद्रात काम करता करता जे संशोधक वारले, त्यांची नावं तिच्यावर आहेत आणि प्रत्येक नावाखाली एकच ओळ. 'पेशी रंगवायची सोपी रीत यांनी शोधली.' 'गाठ स्वतःकडे रक्त कसं ओढून घेते, ते यांनी दाखवलं.' वाचताना ऊर भरून येतो. शाल्मलीच्या आईची ओळ मात्र अशी होती: 'क-सात हे औषध उपयोगाचं नाही, हे यांनी दाखवलं.'

आता सांगा, सातवीतल्या मुलीने अशा ओळीचं करायचं तरी काय? बाकीच्यांनी काहीतरी शोधलं आणि आपल्या आईने नुसतं 'नाही' शोधलं! शाळेत कोणी विचारलं की शाल्मली विषय बदलायची. तिला आईचा राग यायचा, आणि राग आला की आठवण जास्तच यायची.

केंद्राची एक रीत होती. स्मरणदिनी हार नाहीत आणि भाषणं तर मुळीच नाहीत. वारलेल्या एका संशोधकाचा एक प्रयोग पुन्हा करून पाहायचा, तोही त्याच्या घरच्या माणसाने किंवा एखाद्या शिकाऊ संशोधकाने. उत्तर तेच आलं, तर ओळीखाली प्रयोग करणाऱ्याचं नाव लागायचं. आईच्या ओळीखालची जागा रिकामी होती. यंदा तिचा प्रयोग होता आणि तो शाल्मली करणार होती.

"आणि उत्तर वेगळं आलं तर?" तिने आजोबांना विचारलं.

आजोबा म्हणजे आईचे वडील, डॉ. दिनकर उत्तूरकर. याच केंद्रात औषधं बनवता बनवता ते म्हातारे झाले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तर ओळ बदलायची," ते म्हणाले.

शाल्मलीला तेच हवं होतं.

प्रयोगशाळेत थेंबू तयारच होता. थेंबू म्हणजे औषधं मोजणारा यंत्रमानव. एक थेंब इकडचा तिकडे झाला, तर त्याला चैन पडत नसे.

"ही पहिली बशी," तो म्हणाला. "हिच्यात कर्करोगाच्या पेशी (पेशी म्हणजे शरीराची सर्वांत लहान वीट). थांबायचं कधी, हेच त्या विसरल्या आहेत, म्हणून नुसत्या वाढत सुटतात. ही दुसरी बशी. हिच्यात निरोगी पेशी. दोन्हींत औषध सारखंच टाकायचं आणि बश्या वेगपेटीत ठेवायच्या (या पेटीत पेशींचे तीन दिवस तासाभरात सरतात). शेवटी निळा रंग. जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही. मेलेल्या पेशीचं आवरण गळकं होतं, म्हणून ती निळी पडते."

"निरोगी पेशींना औषध कशाला? त्या कुठे आजारी आहेत?"

"ती तुलनेची बशी. वैजयंतीताई म्हणायच्या, दुसरी बशी नसेल तर मला निकाल दाखवायला येऊच नका."

आईचं नाव ऐकून शाल्मलीला भिंतीवरची ती ओळ आठवली. थेंबू रंग आणायला वळला. तिने चटकन बाटली उचलली आणि होतं नव्हतं ते सगळं औषध पहिल्या बशीत ओतलं. दुसरीत मात्र ठरलेला एकच थेंब.

तासाभराने समोरच्या पडद्यावर चित्र उमटलं. पहिली बशी निळीशार. दुसरी स्वच्छ, एकही पेशी निळी नाही. निकाल पाहायला जमलेल्या संशोधकांपैकी कोणीतरी ओरडलं, "क-सात चालतंय!" आणि टाळ्या पडल्या. शाल्मलीने हसून आजोबांकडे पाहिलं.

आजोबा हसत नव्हते. ते पडद्याजवळ जाऊन निळी बशी पाहत होते.

"चालतंय?" ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "म्हणजे वैजूला देता आलं असतं? माझी पोर वाचली असती?"

शाल्मलीला नीटसं काही कळलं नाही. आपण काहीतरी भयंकर केलं आहे, एवढं मात्र तिला समजलं.

"आजोबा, मी... मी सगळी बाटली पहिल्या बशीत ओतली. दुसरीत नाही ओतली."

टाळ्या थांबल्या. आजोबा खुर्चीवर बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते रागावले नाहीत.

"थेंबू, दुसरी बाटली आण," ते म्हणाले. "शाल्मली, आता तेवढंच औषध या बशीतही ओत."

पुन्हा तासभर गेला. घरी कोणीच गेलं नाही. पडद्यावर दुसरी बशी आली, तीही निळीशार.

"कर्करोगाच्या पेशी मारणं अवघड नाही गं," आजोबा म्हणाले. "त्या विस्तवानेही मरतात. त्या मराव्यात आणि शेजारच्या निरोगी पेशी जगाव्यात, हे अवघड. थोडं औषध दिलं तर दोन्ही जगतात. जास्त दिलं की सुक्याबरोबर ओलंही जळतं. दोन्हींच्या मधे फट हवी (म्हणजे एवढंच औषध, की रोग मरेल आणि माणूस वाचेल). तुझी आई ती फट वर्षभर शोधत होती. ती नाहीच, हे तिने दाखवलं. नाहीतर आम्ही ते माणसांना दिलं असतं."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी. क-सात माझं औषध होतं." आजोबा म्हणाले. "लेकीने बापाचं औषध पाडलं म्हणून महिनाभर मी तिच्याशी बोललो नाही. पुढे तिलाच कर्करोग झाला. सगळे उपाय थकले, तेव्हा मी म्हटलं, वैजू, क-सात घेऊन बघू या का? ती हसली. म्हणाली, बाबा, मी दुसरी बशी पाहिली आहे."

शेवटचे ते महिने शाल्मलीला आठवले. आई घरीच होती. अंथरुणात बसून का होईना, रोज तिच्या वेण्या घालायची. क-सात घेतलं असतं, तर ते दिवसही मिळाले नसते. शाल्मली आजोबांच्या कुशीत शिरून मोठ्याने रडली. तेही रडले.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "भिंतीवर माझं नाव नका लावू. मी लबाडी केली."

"आज नाहीच लागणार," आजोबा म्हणाले. "ती जागा इतकी वर्षं रिकामी का आहे, ठाऊक आहे? तो प्रयोग मी करायला हवा होता. माझा हातच उचलला गेला नाही."

"मग उद्या दोघं मिळून करू."

आजोबांनी मान डोलावली. मग त्यांनी खिडकीतून समोरची इमारत दाखवली. तिथल्या शिकाऊ संशोधक मुलांनी क-सात कमीजास्त करून पाहण्यात दिवस घालवले नाहीत, कारण आईची ओळ त्यांनी वाचली होती. फक्त कर्करोगाच्या पेशीतच उघडेल अशा वेष्टनात तेच औषध गुंडाळायच्या मागे ती लागली होती. अजून जमलेलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात, पहिल्यांदाच, अगदी बारीकशी फट दिसली होती.

थेंबू टेबल पुसत होता. "उद्यासाठी पहिली बशी तयार ठेवू का?" त्याने विचारलं.

शाल्मलीने डोळे पुसले.

"आधी दुसरी ठेव," ती म्हणाली.