रिकाम्या प्लॉटवरचा मोर

अर्जुन मेश्राम खुर्चीवर बसलेच नाहीत. दिल्लीत पहाडगंजमधल्या द्वारका साळवीच्या अरुंद कचेरीत खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत त्यांनी सगळं सांगितलं. द्वारकेचा मदतनीस विश्वजित ते टिपून घेत होता.

मेश्राम मूळचे भंडाऱ्याचे, केंद्र सरकारच्या नोकरीत, क्वार्टर आर. के. पुरमला. त्यांची मुलगी लुंबिनी फरिदाबादच्या पलीकडे, अरवलीच्या पायथ्याशी एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि तिथेच पीजीत राहत होती. कॉलेजला शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं. पलीकडच्या कॉलनीचा त्याला कडाडून विरोध. पाणी पुरत नाही, रस्ता अरुंद आहे, आणि मुख्य म्हणजे प्लॉटवर मोर राहतात. वसतिगृहासाठी धरणं धरून बसलेल्या मुलींची पुढारी होती लुंबिनी.

आदल्या दिवशी पहाटे त्याच प्लॉटवर एक मोर मेलेला सापडला. पिसाऱ्याला लुंबिनीची निळी ओढणी गुंडाळलेली.

"मोरच राहिले नाहीत तर कॉलनी काय बोलणार, म्हणून पोरींनी विष घातलं म्हणतात," मेश्राम म्हणाले. "कॉलेजने तिला काढून टाकलंय. वनखात्याने उद्या बोलावलंय. राष्ट्रीय पक्षी आहे, मॅडम. जेल होते."

द्वारका लग्नाआधीच्या चौकशा करून पोट भरायची. मुलाचा पगार, मुलीचं शिक्षण, असल्या कामांनी ती कंटाळली होती. तिने मेश्रामांच्या फोनवरचा फोटो मोठा करून पाहिला आणि फोन विश्वजितकडे दिला.

लांबलचक, भरगच्च पिसारा. त्याची सगळी पिसं एकाच जागी मोडलेली, कागदाला घडी घालावी तशी. पंखाखाली चिकटलेले चार-सहा हिरवे वाटाणे. पोलिसांच्या मते विष त्यातूनच घातलं होतं. ओढणी पीजीच्या गच्चीवर वाळत होती आणि परवा रात्रीपासून सापडत नव्हती, असं लुंबिनीचं म्हणणं. ते कुणी मानत नव्हतं.

"तिचा राग फार," मेश्राम हळूच म्हणाले. "पण मुंगीवर पाय पडला तरी थांबते."

दुपारच्या आत दोघं मेश्रामांसोबत तिथे पोचले; मेश्राम फाटकाशीच थांबले. ऑक्टोबरचा मध्य, ऊन होतं, पण धुरकट. कॉलेजच्या फाटकाशी मुली बसल्या होत्या, समोर कॉलनीचे फलक, मध्ये पोलिसांची जीप. कुणीच कुणाकडे सरळ बघत नव्हतं. कॉलनीच्या भिंतीवर तीन पक्षी शांत बसले होते.

"लांडोरी," विश्वजित म्हणाला.

"मान बघा. निळी आहे. मोर आहेत," एवढंच म्हणून द्वारका पुढे गेली.

कॉलनीचे अध्यक्ष शहाजी घोरपडे, निवृत्त सुभेदार. मोर त्यांनाच सापडला होता. त्यांच्या दिवाणखान्यात तोफगोळ्याच्या पितळी नळकांड्यात मोरपिसांचा जुडगा होता. पावसाळा सरता सरता आवारात पडलेली पिसं नातीने गोळा केली होती. वसतिगृह झालं तर आमचे नळ कोरडे पडतील, हे त्यांनी न लपवता सांगितलं. मग द्वारकेने मोराचं विचारलं. गवतावर दव होतं, ते म्हणाले, पण मोर उचलला तर खाली नुसता चिखल. हातसुद्धा गारठले.

मग कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक नीला तगारे. वसतिगृहामुळे प्लॉटवरची झाडं जातील म्हणून कॉलेजात त्या एकट्या विरोधात होत्या. त्यांचा विषय मासे. प्रयोगशाळेत त्यांनी स्वतः होऊन फ्रीझर उघडून दाखवला. कपाटासारखा उभा, आडवे कप्पे, प्रत्येकात चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्या. पक्ष्यांतलं मला काही कळत नाही, असं त्या काहीशा ओशाळून म्हणाल्या. बाहेर पडताना विश्वजितने द्वारकेच्या कानाशी लागून "याच" म्हटलं. ती पुढे चालू लागली.

शेवटी पीजी. इमारतीची मागची भिंत प्लॉटला लागून, तिला एक छोटं दार. मालकीण सुखदा शिंदे साताऱ्याकडच्या. नवरा सैन्यात होता, तो गेल्यावर त्या इथेच राहिल्या. सगळ्या मुली त्यांना मावशी म्हणायच्या. धरण्यावर चहाही त्याच पाठवत. जेवल्याशिवाय त्यांनी दोघांना बोलूच दिलं नाही. मटारची उसळ, गरम पोळ्या.

"या दिवसांत मटार?" द्वारकेने विचारलं.

"थंडीत पोत्याने घेते, सोलून ठेवते. बाजारचा आत्ता परवडतोय कुणाला?" मावशी म्हणाल्या, आणि कोपऱ्यातल्या लुंबिनीच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. "पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही हो."

लुंबिनी किरकोळ अंगाची, डोळे जागरणाने लाल. तिने पोळी परत केली नाही, खाल्लीही नाही. हात धुवायला म्हणून द्वारका स्वयंपाकघरात गेली आणि बऱ्याच वेळाने परतली. आल्या आल्या तिने विश्वजितला मेश्राम, सुभेदार आणि नीलाबाईंना बोलवायला पाठवलं.

सगळे जेवणघरात जमले. मेश्राम इथेही उभेच राहिले.

"मोर परवा रात्री मेला नाही," द्वारका म्हणाली. "मोर पावसाळ्यानंतर पिसारा टाकतो. भिंतीवरचे मोर बघा, एकालाही पिसारा नाही. सुभेदारसाहेब, तुमच्या घरातली पिसं त्यांचीच. मग याच मोराला भरगच्च पिसारा कुठून? तो उन्हाळ्यातच मेला होता."

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. रोज मोर बघणाऱ्याच्याच हे लक्षात आलं नव्हतं.

"मग इतके महिने कुजला नाही?" विश्वजितने विचारलं.

"गोठवलेला होता. दव वरून पडतं, मोराखालची जमीन कोरडी हवी होती. तिथे चिखल झाला, कारण बर्फ वितळला. हात गारठले ते त्यामुळेच. पिसारा फ्रीझरमध्ये मावेना म्हणून दुमडला, तिथे पिसं मोडली. नीलाबाईंच्या फ्रीझरच्या कप्प्यांत कोंबडीसुद्धा नीट मावणार नाही. पेटीसारखा आडवा, खोल फ्रीझर हवा."

ती थांबली. मग तिने समोरच्या उसळीकडे बोट केलं.

"आणि ते वाटाणे. मोराला आमिष दाखवायला कुणी मटार विकत आणत नाही, तेही ऑक्टोबरात. गहू-बाजरी टाकली तरी तो येतो. ते आमिष नव्हतंच. फ्रीझरमधल्या पिशवीतून सांडले आणि पंखाखाली गोठून बसले. आत्ता मी तुमचा फ्रीझर उघडला, मावशी. तळाच्या बर्फात निळं पीस अडकलंय."

सुखदामावशींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. नाकारलं नाही त्यांनी. उन्हाळ्यात गच्चीवर मोर विजेच्या तारेला लागून मरून पडला होता. आपल्याच घरात मोर मेला, पोलीस काय म्हणतील, या भीतीने त्यांनी तो फ्रीझरमध्ये मटारच्या पिशव्यांखाली दडपला. पुरायला जागा नव्हती, टाकायला धीर नव्हता. मग वसतिगृहाची सुनावणी जाहीर झाली. वसतिगृह झालं की पीजीच्या खोल्या रिकाम्या. मोर सापडला तर काम अडेल, एवढंच डोक्यात होतं.

"गच्चीवरच्या दोरीवर अंधारात जी ओढणी हाताला लागली ती घेतली. पिसारा आवरत नव्हता," त्या म्हणाल्या. "कुणाची ते बघितलं नाही, शप्पथ."

"सकाळी कळलं ना?" लुंबिनीने विचारलं. दोघं आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "काल संध्याकाळी माझ्या डोक्याला तेल लावत होतीस. तेव्हा तुला माहीत होतं."

मावशींनी पातेलं पुन्हा उचललं आणि आत नेलं. मेश्राम तेवढ्यात खुर्ची ओढून बसले.

वनखात्याचे लोक त्याच दुपारी मावशींना घेऊन गेले. कॉलेजने लुंबिनीला परत घेतलं, माफी मात्र मागितली नाही. पुढच्या आठवड्यात सुनावणीला सुभेदार घोरपडे भर सभेत उठले आणि म्हणाले की मुलींवरचा आरोप कॉलनी मागे घेते, पाण्याचा मुद्दा घेत नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण त्यांना पूर्ण बोलू दिलं. निर्णय पुढे ढकलला गेला.

द्वारका आणि विश्वजित लुंबिनीला भेटायला गेले तेव्हा ती पीजीच्या स्वयंपाकघरात कणीक मळत होती. दुसरीकडे खोल्या मिळत नव्हत्या, म्हणून मुली तिथेच राहून पाळीपाळीने स्वयंपाक करत होत्या. सकाळी ती जबाब द्यायला वनखात्याच्या कचेरीत जाऊन आली होती. मे महिन्यात गच्चीवर मोठा आवाज होऊन दिवे गेले होते, मोर तारेनेच मेला असणार, मावशीने मारला नाही, असं तिने लिहून दिलं होतं.

"म्हणजे माफ केलंस तिला?" विश्वजितने विचारलं.

लुंबिनीने कणकेवर ओलं फडकं टाकलं.

"खरं होतं म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "ती समोरच्याच बाकावर बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही."