पाहणाऱ्याची सही

हे वाचून कोणी हसलं तर मला राग येणार नाही. ऐकीव असतं तर मीही हसले असते. पण माझा मावसभाऊ खोटं बोलणाऱ्यातला नाही. निदान त्या एका दिवसापर्यंत तरी नव्हता. आणि यातला शेवटचा भाग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.

रात्र नव्हती. वीज गेली नव्हती. मंगळवार होता, दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती आणि बाहेर लखलखीत ऊन होतं.

आधी दुकानाबद्दल सांगते.

या मावसभावाचं, म्हणजे दादाचं, गेमचं दुकान आहे. जुन्या कॅसेटी, वापरलेल्या डिस्क, दुरुस्तीला आलेले कंट्रोलर. मोठ्या चकाचक दुकानात काल आलेला गेम मिळतो. दादाकडे पंचवीस वर्षांपूर्वीचा मिळतो, तोही "आधी चालवून बघ, मग ने" असं म्हणून. मागच्या भिंतीला एक जुनं उभं मशीन आहे. विमानाचा खेळ. एक दांडी, एक लाल बटण, समोर एक स्टूल.

मशीनच्या वर पांढरा बोर्ड आहे. त्यावर तीन रकाने. नाव, स्कोअर आणि 'पाहणारा'.

दादाचा नियम कडक होता. खेळ त्याने स्वतः मागे उभं राहून शेवटपर्यंत पाहिला असेल, तरच स्कोअर बोर्डावर चढायचा. मग तिसऱ्या रकान्यात तो सही करायचा. व्हिडिओ चालत नसे, मित्राचा शब्द चालत नसे. दुसऱ्या शहरांतले गेमवेडेही म्हणायचे, त्या बोर्डावर आहे ना, मग खरंच आहे. दादाने आयुष्यात दुसरं काही कमावलं नाही, पण त्या सहीला मान होता.

बोर्डावर सहा वर्षं एकच नाव सगळ्यात वर होतं. कॅप्टन. त्याच्या मागे पंधरा-वीस जणांचं टोळकं, त्यांचं एक ऑनलाइन पेज आणि दर महिन्याला दुकानात स्पर्धा. दुकान चालायचं ते त्यांच्याच जिवावर.

आणि एक सुई होती.

समोरच्या शिलाईच्या दुकानात ती कपडे लहानमोठे करून द्यायची. पन्नाशीची बाई. मनगटाला टाचण्यांची उशी बांधलेली, ती सोडायचंही तिच्या लक्षात राहत नसे. म्हणून पोरांनी सुई नाव ठेवलं. दुपारच्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा संपवून ती मशीनवर येऊन बसायची. बटण दाबायची तिची एक लकब होती. तीन भराभर, मग जरा थांबून एक.

"भाऊ, आज बघा हं," ती रोज म्हणायची. "आज तुमच्या कॅप्टनची खैर नाही."

दादा हसायचा. पण एके दिवशी खरंच त्याची खैर राहिली नाही. दादा पाऊण तास तिच्या मागे उभा होता. चहा गार झाला, फोन वाजून वाजून गप्प झाला. शेवटचं विमान पडलं तेव्हा स्कोअर नऊ लाखांच्या पुढे होता, आणि सुईच्या आधी दादानेच टाळ्या वाजवल्या. तिचं नाव सगळ्यात वर लिहिलं. ऐटीत सही ठोकली.

संध्याकाळी टोळकं आलं.

"काका, ही बाई? शिलाई मशीन समजून बसली होती का?"

सगळे खदाखदा हसले. दादाही थोडा हसला. मला वाटतं, तो घसरायला तिथूनच लागला.

रात्रीतून पेजवर जे लिहिलं गेलं ते मी इथे लिहिणार नाही. काकांनी मशीन उघडून आकडा वाढवला, हे त्यातलं सगळ्यात सभ्य. बाकीचं दादा आणि सुई या दोघांबद्दल होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. वहिनीनेही ते वाचलं. सुईच्या घरच्यांनीही वाचलं असणार.

तिसऱ्या दिवशी सगळे दुकानात जमले. कोणीतरी सुईलाही बोलावून आणलं होतं.

"काका, एवढंच सांगा," कॅप्टन म्हणाला. आवाज अगदी गोड. "तुम्ही शेवटपर्यंत पाहिलंत? का मधेच काउंटरवर गेला होतात? होतं असं माणसाचं. नसेल पाहिलं तर नसेल. पाहिलं म्हणत असाल तर मात्र आम्ही आमची स्पर्धा दुसरीकडे नेतो."

दादाने सुईकडे बघायचं टाळलं.

"शेवटी जरा काउंटरवर होतो," तो म्हणाला. "मी पाहिलं नाही."

सुईने मनगटावरची उशी उगाच नीट केली.

"असू द्या, भाऊ," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून निघून गेली.

दादाने ओलं फडकं घेतलं आणि तिचं नाव पुसलं. मग स्वतःची सही पुसली. हे मला सांगताना त्याने मान वर केली नव्हती. "तिने चार लोकांत माझ्या मुस्काटात मारली असती ना, तर आज मला झोप लागली असती," एवढंच म्हणाला.

ती पुन्हा दुकानात आली नाही. महिनाभराने कामावरच चक्कर येऊन पडली आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच गेली. डोक्यातली नस फुटली होती. त्याचा बोर्डाशी काही संबंध नाही, हे दादाला कळत होतं. पण खाई त्याला खवखवे. घरच्यांना भेटायला जायचं तर कोणत्या तोंडाने? समोरून तिची अंत्ययात्रा गेली तेव्हा दादा शटर अर्धं ओढून आत बसून होता.

त्यानंतरचा मंगळवार.

एक वाजून दहा मिनिटं. दुकानात कोणी नाही. दादा काउंटरवर एक कंट्रोलर उघडून बसला होता, मशीनकडे पाठ करून. आणि मागे...

टक टक टक...

टक.

दादा गर्रकन वळला.

स्टूल रिकामं. मशीनच्या पडद्यावर, कोणी खेळत नसताना चालते ती खेळाची जाहिरात चाललेली.

भास झाला असेल म्हणून तो परत कामाला लागला. पाठ वळायचा अवकाश...

टक टक टक... टक.

पुन्हा वळला. पुन्हा काही नाही.

पाऊण तास हेच चाललं. पाठ फिरवली की आवाज, तोंड वळवलं की शांतता. दोन वाजता आवाज थांबला. दादाने जवळ जाऊन पाहिलं तर पडद्यावर स्कोअर आलेला होता. नऊ लाखांच्या पुढचा. खाली नाव लिहायची जागा कोरी.

स्टुलाला हात लावला...

गरम होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. दादाने समोर खुर्ची टाकली आणि तासभर पापणी न हलवता बघत बसला. मशीन ढिम्म. काउंटरवर आरसा ठेवून आडून बघितलं, तरी नाही. शेवटी त्याने फोनवर शूटिंग लावलं आणि पाठ करून उभा राहिला. बटणाचा आवाज आला. तरी तो वळला नाही.

व्हिडिओत रिकामं स्टूल होतं. बटण आपोआप खाली-वर होत होतं.

रात्री जेवताना त्याने तो वहिनीला दाखवला.

वहिनीने घास खाली ठेवला. "ही कोण बाई?"

"कोण बाई?"

"अहो, ही काय... स्टुलावर बसलेली. मनगटाला काहीतरी बांधलंय."

दादाने फोन डोळ्यांपाशी नेला. मोठा करून पाहिला, परत परत पाहिला. त्याला फक्त स्टूलच दिसत होतं.

दोन दिवसांनी कुरिअरवाला खोकं घेऊन आत आला आणि म्हणाला, "साहेब, त्या मावशींना जरा सरकायला सांगता का? मागे ठेवतो." दुपारचा सव्वा वाजला होता. मग एकदा कॅप्टन आला. आत दोन पावलं टाकून मशीनकडे बघत उभा राहिला, आणि आल्या पावली परत गेला. त्या रात्री पेजवरचं सुईबद्दलचं सगळं लिखाण गायब झालं.

म्हणजे सगळ्यांना ती दिसत होती.

एकट्या दादाला दिसत नव्हती.

मग मात्र त्याने जे आधीच करायला हवं होतं ते केलं. पेजवर स्वतःच्या नावाने लिहिलं, मी शेवटपर्यंत पाहिलं होतं, मी खोटं बोललो. सुईच्या घरी जाऊन तिच्या मुलीसमोर हात जोडले. मुलीने फक्त पाणी दिलं. स्पर्धा गेली, टोळकं गेलं. दादाने बोर्डावर तिचं नाव आणि स्कोअर पुन्हा लिहिला आणि पुढे सही केली.

सकाळी शटर उघडलं तर नाव जागच्या जागी होतं. स्कोअर जागच्या जागी होता.

सही...

पुसलेली होती. खाली पाण्याचा ओघळ, आणि मशीनवर पिळून ठेवलेलं ओलं फडकं.

न पुसणाऱ्या शाईने केली, तीही गेली. सात वेळा केली. मग त्याने नाद सोडला.

गेल्या महिन्यात त्याने मला बोलावून घेतलं. हडकला होता नुसता. "तू बघ," म्हणाला. "तुझी वहिनी घाबरते, नीट सांगत नाही. मी पाठ करतो. काय दिसतं ते मला खरं सांग."

तो वळला.

टक टक टक...

मी पाहिलं. ती बसली होती. करड्या केसांची बारीकशी गाठ, मनगटावर टाचण्यांची उशी. बोटं बटणावर चालत होती, पण ती पडद्याकडे बघत नव्हती. मान पूर्ण वळवून ती दादाच्या पाठीकडे बघत होती. रागाने नाही. कोणाची तरी वाट बघावी तशी.

"काय दिसतं गं?" दादाने विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

मला त्याची इतकी दया आली. वाटलं, सगळ्या जगाला दिसतं आणि याला एकट्याला नाही, या विचारानेच हा माणूस खंगत चाललाय. आपण त्याच्या बाजूला उभं राहावं.

"काही नाही, दादा," मी म्हणाले. "स्टूल रिकामं आहे."

बटणाचा आवाज थांबला.

दादाचा चेहरा कितीतरी दिवसांनी निवळला. त्याने मला चहा पाजला, बसस्टॉपपर्यंत सोडायला आला.

त्यानंतर मी दोनदा दुकानात जाऊन आले. दोन्ही वेळा दुपारी, एक वाजून दहा मिनिटांनी. मी समोर उभी असले की मशीन गप्प असतं. पाठ वळवली की आवाज येतो. वहिनी दारातूनच कुजबुजते, "बसल्यात बघा."

मी वळून बघते. मला आता फक्त स्टूल दिसतं.

दादाला हे मी अजून सांगितलेलं नाही.