इंदुमतीची चित्रसाक्ष

धामणगडच्या सत्र न्यायालयात साक्षीदाराचा पिंजरा आता क्वचितच वापरला जाई. त्याच्या शेजारी भिंतभर पडदा बसवला होता आणि खटल्याचा निकाल बहुधा त्या पडद्यावरच लागे. माणूस खोटं बोलू शकतो, पण त्याच्या आठवणी खोटं बोलत नाहीत, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

आपण एखादा प्रसंग आठवतो तेव्हा मेंदूतल्या काही ठरावीक पेशी ठरावीक क्रमाने जाग्या होतात. स्मृतिदर्शक नावाचं यंत्र तो क्रम टिपून त्याचं हलतं चित्र तयार करी. या चित्राला कायद्यात चित्रसाक्ष म्हणत. चित्रसाक्ष आली की खटला तीन-चार दिवसांत संपे. फौजदारी बचाव करणारे वकील एकेक करून जमिनीच्या आणि वारसाच्या कामांकडे वळले होते. सगळं पडद्यावर दिसत असताना बचाव करायचा तो कशाचा? तरीही आरोपीला वकील देणं कायद्याने भाग होतं, म्हणून न्यायालय यादीतून एखादं नाव काढी. इंदुमती खरातच्या खटल्यात रेवती मुंडले हे नाव निघालं.

इंदुमती बावन्न वर्षांची होती. नवरा गेल्यावर तिने घराच्या पुढच्या खोलीत पाळणाघर सुरू केलं होतं. गेल्या एकोणीस वर्षांत शंभरावर मुलं तिच्या हाताखालून गेली होती. मार्च महिन्यातल्या एका दुपारी तिच्याकडचं पाच महिन्यांचं बाळ, ओजस बोधे, पाळण्यातच गेलं. शवविच्छेदनात कारण सापडलं नाही. संशय घेण्यासारखी व्यक्ती घरात एकच होती. नऊ दिवसांच्या कोठडीनंतर इंदुमतीची चित्रसाक्ष घेतली गेली. तिच्या डोळ्यांना दिसलेलं दृश्य पडद्यावर उमटलं: खाली पाळणा, पाळण्यात बाळ, दोन हातांत उशी. ती उशी खाली जाते. बराच वेळ तिथेच राहते.

ही चित्रसाक्ष न्यायालयाआधी बाहेर फुटली. ‘गुन्हेगाराच्या डोळ्यांतून’ नावाच्या कार्यक्रमाने ती आठवडाभर, संथ गतीने, पार्श्वसंगीतासह दाखवली.

रेवती तुरुंगात पहिल्यांदा भेटायला गेली तेव्हा इंदुमती दोन्ही हात पदराखाली धरून बसली होती.

“मावशी, मी तुमची वकील. मला सगळं नीट सांगा.”

“सांगायचं काय, ताई? टीव्हीवर बघितलंच असेल. मीच मारलं त्याला.”

“पहिल्या दिवशीच्या जबाबात तर तुम्ही म्हणालात, मी काही केलं नाही.”

“तेव्हा मला आठवत नव्हतं. आता आठवतं.”

“का मारलंत?”

इंदुमती म्हणाली, “तेच शोधतेय. हात दिसतात. उशी दिसते. त्याच्या अंगाची ऊबसुद्धा कळते हाताला. पण राग आला होता, कंटाळा आला होता, असं काहीच आठवत नाही. एवढं गोड पोर होतं हो. मी का केलं असेल तसं?”

रेवती सोळा वर्षं वकिली करत होती. गुन्हा नाकारणारे, रडणारे, शिव्या देणारे आरोपी तिने पाहिले होते. आपण खून का केला, हे वकिलालाच विचारणारा आरोपी तिला पहिल्यांदा भेटत होता.

त्याच आठवड्यात ती डॉ. विश्राम केळुसकरांकडे गेली. स्मृतिदर्शक बनवणाऱ्या गटाचे ते प्रमुख होते. आता निवृत्त होऊन शहराबाहेर एकटे राहत. त्यांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “घरी भाकरी करता तुम्ही?”

“करते की.”

“मग सोपं आहे. आपल्याला वाटतं, आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो. हवा तेव्हा काढायचा, बघायचा, परत ठेवायचा. तसं नसतं. आठवण दर वेळी नव्याने थापावी लागते, भाकरीसारखी. थापताना हाताला दुसरं पीठ लागलेलं असेल, तर तेही आत जातं. आणि मेंदू जपून ठेवतो ती ही नवी भाकरी. जुनी राहतच नाही. आम्ही याला पुनर्लेखन म्हणतो.”

“म्हणजे न घडलेली गोष्ट आठवू शकते?”

“कुणी पुन्हा पुन्हा कल्पना करायला लावली, झोप मिळू दिली नाही, भीती घातली, तर नक्की आठवते. शेवटी खरी आणि खोटी यांत फरक कळत नाही. त्या माणसालाही नाही आणि माझ्या यंत्रालाही नाही. माणसाला काय आठवतं एवढंच यंत्र सांगतं. काय घडलं ते सांगत नाही.”

“हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?”

“आमच्या मूळ अहवालाच्या शेवटच्या पानावर छापलेलं आहे.”

“न्यायालयात कधी सांगितलंत?”

केळुसकरांनी चष्मा काढला. “अकरा वर्षांत चारशेवर खटल्यांत मी साक्ष दिली. सरकारी वकील विचारायचे, यंत्र बिनचूक आहे का? मी म्हणायचो, आहे. आणि ते खरंच होतं. मग आरोपीचा वकील उठायचा आणि म्हणायचा, ‘प्रश्न नाहीत.’”

“आणि तुम्ही स्वतःहून...”

“नाही,” ते म्हणाले. “मी स्वतःहून कधीच बोललो नाही.”

रेवतीने परत येऊन खटल्याचे कागद पहिल्या पानापासून वाचायला घेतले. चित्रसाक्ष मिळाल्यावर कुणी पंचनामा वाचलाच नव्हता. त्यात एक ओळ होती: ‘पाळण्यात बाळाच्या डोक्याखाली मोहरीची लहान उशी, एक.’ तिने ती ओळ तीनदा वाचली. मग न्यायालयाकडे दोन अर्ज केले. एक, कोठडीतल्या नऊ दिवसांचं संपूर्ण चित्रीकरण मिळावं. दुसरा, बाळाच्या जपून ठेवलेल्या रक्ताची हृदयविकारासाठी जनुकीय तपासणी व्हावी. सरकारी वकिलांनी दोन्ही अर्जांना विरोध केला. ती प्रत्येक तारखेला पुन्हा उभी राहिली. पाच महिन्यांनी दोन्ही अर्ज मंजूर झाले.

खटल्यात बाळाची आई, केतकी बोधे, सरकारी पक्षाची साक्षीदार होती. न्यायालयात आल्यापासून तिने इंदुमतीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. उलटतपासणीला रेवती उठली आणि अगदी हळू आवाजात तिने विचारलं, “ताई, ओजसच्या डोक्याखाली काय ठेवायचात?”

“मोहरीची उशी. माझ्या आईने शिवली होती. डोकं गोल व्हावं म्हणून.”

“केवढी होती?”

केतकीने आपला तळहात पुढे केला.

रेवतीने पडद्यावर चित्रसाक्ष लावली आणि एका जागी थांबवली. पडद्यावरची उशी मोठी होती, पांढऱ्या अभ्र्याची, निळ्या काठाची.

“ही तुमची उशी?”

केतकी पडद्याकडे पाहत राहिली. तिने हे दृश्य कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण दर वेळी तिचं लक्ष उशीखाली होतं. उशीकडे ती आत्ता पाहत होती.

“नाही,” ती म्हणाली. “आमची नाही. मावशींकडे अशी उशी मी कधीच बघितली नाही.”

“पाळण्यात मावेल ही?”

“नाही मावणार.” आणि मग तिने पहिल्यांदा इंदुमतीकडे पाहिलं.

ती उशी कुठली, हे कोठडीच्या चित्रीकरणात दिसलं. चौकशीच्या खोलीत एक खोटा पाळणा, एक बाहुली आणि निळ्या काठाची पांढरी उशी आणून ठेवली होती. तपास अधिकारी इंदुमतीला म्हणत होता, “तू असं केलं असतंस, तर कसं केलं असतंस? डोळे मिट, आठव आणि करून दाखव.” पहिल्या दिवशी तिने उशीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती रडत होती, पण उशी हातात होती. नवव्या दिवशी तिला सांगावं लागलं नाही. नऊ दिवसांत तिने ते त्रेसष्ट वेळा करून दाखवलं होतं.

केळुसकर साक्षीला आले. रेवतीच्या प्रश्नांना उत्तरं देताना त्यांनी अहवालाचं शेवटचं पान मोठ्याने वाचून दाखवलं. रक्ताच्या तपासणीचा निष्कर्षही आला. ओजसच्या हृदयाच्या ठोक्यांमध्ये जन्मतःच दोष होता. असं हृदय झोपेत, कसलीही पूर्वसूचना न देता, बंद पडू शकतं.

इंदुमती निर्दोष सुटली. ‘गुन्हेगाराच्या डोळ्यांतून’मध्ये ही बातमी दीड मिनिटं होती. केळुसकरांनी आपल्या जुन्या चारशेवर खटल्यांची यादी उच्च न्यायालयाला पाठवली. त्या यादीतले तेरा आरोपी आता हयात नव्हते.

निकालाच्या दिवशी रेवतीने इंदुमतीचा हात हातात घ्यायला हात पुढे केला. इंदुमतीने आपले हात मागे घेतले.

“मावशी, सुटलात तुम्ही. तुम्ही काहीही केलेलं नाही.”

“हो ताई. तुमचे फार उपकार आहेत,” ती म्हणाली. “पण मला आठवतं ना.”

महिनाभराने केळुसकर इंदुमतीच्या घरी आले. पुढची खोली रिकामी होती. इंदुमतीने त्यांना चहा दिला आणि कप खाली ठेवताच हात पदरात घेतले.

“माझ्या हातून तुमचा मोठा अपराध झाला,” ते म्हणाले. “तो भरून येणार नाही. पण एक उपाय आहे. ती आठवण पुसता येते. यंत्र उलट चालवायचं, एवढंच.”

इंदुमतीने मान वर केली. “खरंच?”

“हो. पण सगळं सांगितलं पाहिजे. ती खोटी आठवण तुमच्या खऱ्या आठवणींच्याच पिठाची आहे. त्याचं वजन, त्याची ऊब, त्याचा वास, सगळं खरं. ते वेगळं काढता येत नाही. पुसायची तर ओजसच पुसावा लागेल. तो तुमच्याकडे होता ते सगळे दिवस.”

“म्हणजे तो माझ्याकडे आलाच नव्हता, असं?”

“असंच वाटेल तुम्हाला.”

“नको,” ती लगेच म्हणाली.

“विचार करा. नाहीतर हे जन्मभर दिसत राहील.”

“डॉक्टर, तुम्ही खात्रीने सांगता ना, मी केलं नाही?”

“अगदी खात्रीने.”

“मला मेलीला का नाही पटत मग?”

केळुसकर चहा तसाच ठेवून उठले.

त्यानंतर काही दिवसांनी, एका शनिवारी दुपारी, केतकी आली. दारातच घुटमळली. इंदुमतीने तिला आत घेतलं. दोघी जमिनीवर, सतरंजीवर बसल्या.

“मावशी, तुम्हाला एक सांगते, रागावू नका,” केतकी म्हणाली. “मला माहीत आहे तुम्ही काही केलं नाही. उशीचं मीच सांगितलं कोर्टात. पण डोळे मिटले की मलाही तेच दिसतं. मी तिथे नव्हतेसुद्धा. टीव्हीवर इतक्या वेळा बघितलं, की आता माझ्या डोक्यात ते तुमचे हात नसतात. माझेच असतात.”

इंदुमतीने पदराखालचे हात आणखी आत ओढले.

“त्या दिवशी मी सकाळी नऊला त्याला तुमच्याकडे सोडलं. त्यानंतरचं माझ्याकडे काहीच नाही. नुसतं ते टीव्हीवरचं आहे. मला त्याचा तो दिवस सांगाल? खराखुरा. तुमच्याशिवाय तो कुणाकडेच नाही.”

इंदुमतीने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. मग सांगायला लागली. तू गेल्यावर थोडा रडला, पण कुशीत घेतल्यावर राहिला. दहाला दूध प्यायला. खिडकीत चिमणी आली होती, तिच्याकडे बघून आवाज करत होता. मग सतरंजीवर ठेवला, तर एकदम कुशीवर झाला आणि पालथा पडला.

“पालथा पडला?” केतकीचा आवाज बदलला. “तो अजून पालथा पडत नव्हता मावशी.”

“त्याच दिवशी पडला. पहिल्यांदा. हात अडकला खाली, म्हणून चिडला. मी सोडवला तर हसला. संध्याकाळी तू आलीस की तुला दाखवायचं, असं ठरवलं होतं मी.”

केतकी तोंडावर पदर धरून रडली. इंदुमती थांबली. केतकीने मानेनेच पुढे सांगायची खूण केली.

“बाराला न्हाऊ घातलं. पावडर लावली. पाळण्यात ठेवलं. गाणं म्हटलं थोडं.”

ती पुन्हा थांबली. यापुढे तिच्या डोळ्यांसमोर जे होतं, तेच केतकीच्याही डोळ्यांसमोर होतं. दोघींनाही ते कळत होतं.

“पुढे?” केतकीने विचारलं.

“पुढे तो झोपला,” इंदुमती म्हणाली. “झोपेतच गेला. त्याला काही कळलं नाही.”

केतकीने तेच शब्द हळूच स्वतःशी म्हटले, पाठ करायच्या गोष्टीसारखे. इंदुमतीने ते पुन्हा सांगितले. दोघींपैकी एकीलाही ते आठवत नव्हतं. निकालपत्राच्या एकतिसाव्या पानावर मात्र ते लिहिलेलं होतं.