सुईला लागलेली चाहूल

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण आमच्या ताईला थापा मारता येत नाहीत. लहानपणी नुसती लबाडी मनात आली तरी तिचे कान लाल व्हायचे.

गेल्या वर्षीची, रविवार दुपारची गोष्ट. प्रयोगशाळेच्या तळघरातली खोली. इमारतीत चिटपाखरू नव्हतं, आणि ताईला तसंच हवं होतं. तिच्या सूक्ष्मदर्शकात भिंग नाही, सुई आहे. टोक केसाहून हजारपट बारीक. ते पृष्ठभागावरून फिरतं आणि पडद्यावर चित्र उमटतं. खुर्ची करकरली तरी चित्रात रेघ येते.

नमुना होता कृत्रिम गुडघ्यावरच्या लेपाचा. सोमवारी अहवाल द्यायचा होता.

आणि गुरुवारी त्याच बनावटीचा गुडघा बाबांना बसणार होता.

तिनं सुई दाबून हजार वेळा लेप घासला. मग त्याच सुईनं हलकेच चित्र घ्यायला लागली. ओरखडा उथळ होता. लेप टिकला होता. ताईचा जीव भांड्यात पडला.

आणि मग...

चित्रात एक जाड रेघ आली. मग बारीक.

तिनं पंखा बंद केला. फोन बंद केला. श्वास रोखला.

जाड... बारीक... जाड... बारीक...

कानाला काहीच ऐकू येत नव्हतं. ऐकत होती फक्त सुई.

रेघा दर वेळी मोठ्या होत होत्या. म्हणजे कोणीतरी जवळ येत होतं.

एक पाऊल जड, एक हलकं... असं लंगडत चालणारा माणूस तिला माहीत होता. वीस वर्षं हे यंत्र सांभाळणारे मामा. सगळे त्यांना मामाच म्हणायचे.

मामा तीन महिन्यांपूर्वी वारले होते.

सगळ्यात जाड रेघ आली... आणि पावलं थांबली.

मानेला गार लागलं. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही. तिला मामांचं रोजचं टुमणं आठवलं. "पोरी, घासलेल्या सुईनं फोटो काढू नकोस. ती बोथट झालेली असते. ओरखड्याच्या तळाला पोचतच नाही, आणि आपण म्हणतो सगळं छान आहे."

घाईत ती सुई बदलायलाच विसरली होती.

तिनं नवी सुई बसवली. त्याच जागेचं चित्र पुन्हा घेतलं. या वेळी एकही रेघ नाही. फक्त ओरखडा...

आरपार गेलेला.

बाबांचं ऑपरेशन तिनं थांबवलं. आज ते दुसऱ्याच गुडघ्यावर चालतात.

पहारेकरी म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी तुमच्याशिवाय कोणी आलंच नाही."

ते पहिलं चित्र तिनं मला दाखवलं. येणारी पावलं दिसतात. जाणारी नाहीत.

"तू सुई बदलत होतीस तेव्हा गेले असतील," मी म्हणालो.

ताई हसली नाही. ती आजही त्याच खोलीत काम करते.

फक्त खुर्ची पाठीमागच्या भिंतीला अगदी टेकवून ठेवते.