पेन्सिलची तिरकी रेघ

"बाई, माजं नाव आज बी न्हाय."

गिरणीच्या कॉम्प्युटर खोलीच्या दारात बदली कामगार अल्लाउद्दीन उभा होता. सलग तिसरा शनिवार.

खोलीची सुपरवायझर विजयमाला वैतागली. साल १९७६. पुढच्या आठवड्यात कोणत्या बदली कामगारांना बोलवायचं, ते यंत्र भोकांची कार्डं वाचून दर शनिवारी छापायचं. अल्लाउद्दीनचा नंबर ३१८. तिनं पुन्हा कामगारांचा गठ्ठा उपसला. कार्ड जागेवर होतं, भोकं बरोबर होती.

"यंत्र बिघडलंय," मॅनेजर म्हणाले.

"एकाच माणसापुरतं, साहेब?"

अल्लाउद्दीन हळूच म्हणाला, "अजून अठरा दिवस भरले की मी कायम होतो, बाई. मार्च सरला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं."

तिनं ऑपरेटर चनबसप्पाला विचारलं, "गठ्ठ्यांना कोण हात लावतं?"

"मी यंत्रात घालतो. यादी आबासाहेब नेतात."

आबासाहेब टाइम ऑफिसचे हेडक्लार्क. "हजेरीच्या कार्डांना आमच्या हातपंचावर एकेक भोक पाडतो, हितं आणून देतो," ते म्हणाले. "यादी निघाली की जातो. का वो?"

विजयमालानं कामगारांच्या गठ्ठ्याच्या काठावर पेन्सिलनं तिरकी रेघ ओढली. एक कार्ड जरी काढलं, घातलं, हललं, तरी रेघ तुटणार.

चौथा शनिवार. रेघ अखंड. नाव गायब.

तिनं पेन्सिल भिरकावली. डोकं धरून बसली. मग लक्षात आलं, यादीसाठी यंत्र दोन गठ्ठे वाचतं. आपण एकावरच पहारा ठेवला! दुसरा प्रोग्रामचा. त्याच्या शेवटी बडतर्फ कामगारांच्या नंबरांची कार्डं असत. ते नंबर यंत्र वगळायचं. सोमवारी तिनं ती मोजली. सहा. बरोबर. तरीही तिनं त्या गठ्ठ्यावर रेघ ओढली.

पाचव्या शनिवारी यादीचं शेवटचं पान छापून होताच ती ओरडली, "गठ्ठ्याला कुणी हात लावायचा नाही! आबासाहेब, तुम्हीसुद्धा."

रेघेत एक पांढरी फट होती. बडतर्फांची कार्डं सात. सातवं ३१८.

मॅनेजर धावत आले. "चनबसप्पा?"

"नाही साहेब," विजयमाला म्हणाली. " आमचं पंचयंत्र भोकांबरोबर वर आकडेही छापतं. या कार्डावर काहीच छापलेलं नाही. हे हातपंचावर पाडलंय, आणि गिरणीत हातपंच एकच आहे. टाइम ऑफिसात. चनबसप्पा कागद लावायला वळला की आबासाहेब हे कार्ड सरकवायचे, यादी घेताना काढून न्यायचे. म्हणून सोमवारी सगळं जागच्या जागी!"

"पण कशासाठी?"

"कायमची जागा एकच आहे. अल्लाउद्दीनच्या खालोखाल दिवस कुणाचे भरलेत, बघा."

मॅनेजरनी हजेरीची यादी पाहिली. "आबासाहेब, हा तुमचा भाचा ना?"

आबासाहेबांचा चेहरा उतरला. "बहिणीनं पाय धरले वो..."

"सोमवारपासून अल्लाउद्दीनला घेऊ," मॅनेजर म्हणाले.

"आणि बुडालेले दिवस?"

"काम केलं नाही, तर हजेरी कशी लावू?"

"काम अडवलं कुणी, साहेब?" तिचा आवाज चढला.

"मार्चचे नऊच दिवस ऱ्हायले," दारातून अल्लाउद्दीन म्हणाला. "मला अठरा पायजेत."

मॅनेजरनी हजेरीची यादी मिटली. म्हणाले, "बुडालेले दिवस हजेरीत धरावेत, असा अर्ज लिहा. मी सही करतो."

विजयमालानं टाइपरायटर पुढं ओढला. "पूर्ण नाव सांगा."

"वडलांचं बी?"

"सगळं सांगा. एक अक्षर गाळू नका."